वुडहेड मार्गावरील विद्युत इंजिने (ब्रिटिश रेल्वे वर्ग ७६ व वर्ग ७७)

इंग्लंडमधील मँचेस्टर, शेफील्ड आणि वॉथ या ठिकाणांना जोडणाऱ्या व पेनाइन डोंगररांग ओलांडणाऱ्या वुडहेड रेल्वेमार्गासाठी बांधलेल्या विद्युत इंजिनांना वुडहेड मार्गाची इंजिने म्हणतात. ही इंजिने १,५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर (डीसी) चालत. त्यांचे दोन प्रकार होते. चार चालक आसांचे 'ईएम१' हे मुख्यतः मालवाहतुकीचे इंजिन आणि सहा चालक आसांचे 'ईएम२' हे वेगवान प्रवासी गाड्यांचे इंजिन. पुढे ब्रिटिश रेल्वेने संगणकीय नोंदींसाठी वर्गक्रमांक दिले, तेव्हा पहिल्यास वर्ग ७६ व दुसऱ्यास वर्ग ७७ अशी नावे मिळाली. पहिल्या प्रकारची ५८ आणि दुसऱ्या प्रकारची ७ इंजिने बांधली गेली. वर्ग ७७ ची इंजिने १९६८ मध्ये ब्रिटनमधील सेवेतून निघाली व नेदरलँड्सला विकली गेली; वर्ग ७६ ची सेवा जुलै १९८१ मध्ये वुडहेड मार्गाबरोबरच संपली.

यंत्र म्हणून या इंजिनांत मोठा दोष नव्हता. त्यांचे आयुष्य डोक्यावरच्या तारेने ठरवले. वाफेचे किंवा डिझेलचे इंजिन एका मार्गावरचे काम संपले की दुसऱ्या मार्गावर पाठवता येते. विद्युत इंजिनाला मात्र त्याच दाबाची व त्याच प्रकारच्या प्रवाहाची तार लागते. ती तार जेथे संपते तेथे इंजिनाचे जग संपते.

पूर्वपीठिका

ब्रिटनमध्ये मालगाड्या विजेवर चालवण्याचा पहिला मोठा प्रयोग नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने केला. डरहॅम परगण्यातील शिल्डनपासून मिडल्सबरोजवळच्या न्यूपोर्ट यार्डापर्यंतचा कोळशाचा मार्ग १९१५ मध्ये १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर विद्युतीकृत झाला. त्यामागे कंपनीचे मुख्य यांत्रिक अभियंता व्हिन्सेंट रेव्हन यांचा आग्रह होता. या मार्गासाठी दहा इंजिने बांधली होती. यॉर्क ते न्यूकॅसल हा मुख्य मार्गही विजेवर आणावा असे रेव्हन यांना वाटे, आणि त्या अपेक्षेने १९२२ मध्ये १३ क्रमांकाचे एक प्रवासी इंजिन तयारही झाले. तो मार्ग विजेवर आला नाही. १३ क्रमांकाच्या इंजिनाने शिल्डन मार्गावर चाचण्या दिल्या आणि पुढची सारी वर्षे शेडमध्ये काढली. १९५० मध्ये ते भंगारात गेले.

कोळशाची वाहतूक घटल्यावर शिल्डन मार्गावरील विद्युत सेवा १९३५ मध्ये बंद झाली. दहा इंजिने जपून ठेवली गेली, कारण तोवर वुडहेड मार्गाच्या विद्युतीकरणाचे बोलणे सुरू झाले होते. त्यांपैकी एकाचे १९४१ मध्ये बँकर इंजिन म्हणून, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलण्यासाठी, रूपांतर करण्यात आले. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला लंडनजवळच्या इलफर्ड शेडमध्ये डबे हलवण्याचे काम आले. रेव्हन यांच्या इंजिनांची ही कथा वुडहेडच्या इंजिनांचीही पूर्वसूचना ठरली.

वुडहेड मार्ग

मँचेस्टर व शेफील्ड ही औद्योगिक शहरे पेनाइन डोंगरांच्या दोन बाजूंना आहेत. त्यांना जोडणारा वुडहेड बोगदा डिसेंबर १८४५ मध्ये खुला झाला. चार्ल्स व्हिग्नोल्स यांनी सुरू केलेले त्याचे काम जोसेफ लॉक यांनी पूर्ण केले. बोगदा खणणाऱ्या मजुरांचे हाल इतके झाले की समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी त्यावर जाहीर टीका केली आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने रेल्वेमजुरांच्या स्थितीची चौकशी केली. शेजारचा दुसरा बोगदा १८५२ मध्ये पूर्ण झाला. त्या कामावर १८४९ मध्ये पटकीची साथ आली होती. दोन्ही बोगदे एकेरी मार्गाचे, अरुंद आणि सुमारे पाच किलोमीटर लांबीचे होते. दोन्ही दिशांचे चढ आणि मधला कोंदट बोगदा यांमुळे वाफेच्या इंजिनांवर काम करणारे चालक व फायरमन धुराने बेजार होत.

या मार्गाचा प्राण कोळसा होता. दक्षिण यॉर्कशायरच्या खाणींतील कोळसा वॉथ येथील यार्डात जमा होई आणि तेथून डोंगर ओलांडून लँकेशायरच्या गिरण्या, कारखाने व वीजकेंद्रांकडे जाई. वॉथहून निघालेल्या गाड्यांना बार्न्सलीजवळ वर्सबरोचा चढ लागे. तेथे सुमारे ४० मीटर अंतरात १ मीटर उंची चढावी लागे. (खंडाळ्याच्या बोरघाटाचा चढ १ : ३७ आहे, त्यावरून वर्सबरोच्या अवघडपणाची कल्पना यावी.) या एका चढासाठी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९२५ मध्ये बेयर पीकॉक कंपनीकडून २३९५ क्रमांकाचे गॅरट पद्धतीचे इंजिन बांधून घेतले. ब्रिटनमधील ते सर्वांत मोठे वाफेचे इंजिन होते. इतके करूनही गाड्यांची गर्दी व खोळंबा कमी होईना.

१९२० च्या दशकात सरकारने नेमलेल्या समित्यांनी ओव्हरहेड तारेच्या मार्गांसाठी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाह हे प्रमाण सुचवले होते. १९३० च्या दशकाच्या मध्यास सरकारी हमीचे कर्ज मिळून वुडहेड मार्गाचे विद्युतीकरण त्याच प्रमाणानुसार मंजूर झाले. काम सुरू झाले, काही भागांत खांबही उभे राहिले. तोच दुसरे महायुद्ध आले आणि सारे थांबले.

पहिले इंजिन : 'टॉमी'

ईएम१ चा आराखडा नायजेल ग्रेस्ली यांचा. 'मॅलर्ड'सारख्या अतिवेगवान वाफेच्या इंजिनांसाठी त्यांचे नाव जगभर परिचित आहे. त्यांच्या हाताखाली विद्युत इंजिनही आकाराला आले, ही गोष्ट सहसा लक्षात राहत नाही. या प्रकारचे पहिले इंजिन, क्रमांक ६७०१, डॉनकास्टरच्या कारखान्यात तयार झाले. विद्युत सामग्री मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-विकर्स कंपनीची होती. एप्रिल १९४१ मध्ये ग्रेस्ली निवर्तले. इंजिन तयार होते, पण वुडहेड मार्गावर तार नव्हती. मँचेस्टर ते आल्ट्रिंकम हा लहानसा उपनगरी मार्ग १९३१ पासून १,५०० व्होल्टवर चालत असे. तेथे काही चाचण्या घेऊन इंजिन झाकून ठेवण्यात आले.

युद्धानंतर नेदरलँड्समध्ये इंजिनांची तीव्र टंचाई होती, आणि तेथील रेल्वेही १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालत होती. म्हणून १९४७ मध्ये हे इंजिन डच रेल्वेला उसने देण्यात आले. ब्रिटिश शिपायाला 'टॉमी' म्हणण्याची रीत होती. डच कर्मचाऱ्यांनी त्याच नावाने इंजिनाला हाक मारायला सुरुवात केली. १९५२ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा क्रमांक २६००० बरोबरच 'टॉमी' ही नावाची पाटीही त्याच्यावर चढली. आपले इंजिन स्वतःच्या मार्गावर धावण्याआधी पाच वर्षे परदेशात राबले, आणि त्या अनुभवावरून नंतरच्या इंजिनांच्या स्प्रिंगरचनेत सुधारणाही झाल्या.

रचना व कार्यपद्धती

उरलेली ५७ इंजिने मँचेस्टरमधील गॉर्टन कारखान्यात १९५० ते १९५३ या काळात बांधली गेली. प्रत्येक इंजिनाला चार मोटारी असून त्यांची एकूण शक्ती सुमारे १,८७० अश्वशक्ती, कमाल ओढ ४५,००० पौंड आणि कमाल वेग ताशी ६५ मैल (सुमारे १०५ किमी) होता. दोन बोग्या एकमेकींना थेट जोडलेल्या असत, आणि बफर व जोडणीचा आकडा इंजिनाच्या सांगाड्यावर नसून बोग्यांवर असे. त्यामुळे गाडीची सारी ओढ बोगीकडून बोगीकडे जाई व वरच्या सांगाड्यावर तिचा ताण येत नसे. ही रचना जड आणि संथ गाड्यांना उत्तम होती. मोठ्या वेगाला तितकीशी नव्हती.

या इंजिनांचे खरे वैशिष्ट्य उतारावर दिसे. भरलेली कोळशाची गाडी उतारावरून सावरणे हे चढण्याइतकेच कठीण काम असते. त्या काळातील बहुतेक कोळशाच्या डब्यांना चालकाच्या हाती असणारे सलग ब्रेकच नव्हते. सगळा भार इंजिनावर आणि शेवटच्या गार्डच्या डब्यावर येई. ईएम१ मध्ये पुनरुत्पादक ब्रेक होते. उतारावर मोटारी जनित्रासारख्या फिरत, गाडीचा वेग त्यांच्या विरोधाने आवरला जाई आणि निर्माण झालेली वीज पँटोग्राफमधून पुन्हा तारेत जाई. समोरून चढणारी दुसरी गाडी तीच वीज वापरू शके. साधारण ताशी ५५ मैलांपासून १६ मैलांपर्यंत ही पद्धत उपयोगी पडे. त्याहून कमी वेगासाठी नंतर रोधकांवर आधारलेले ब्रेक बसवण्यात आले. त्यांत वीज परत न जाता उष्णतेच्या रूपाने खर्च होते.

मात्र वीज घेणारी दुसरी गाडी जवळपास नसेल तर तारेतील दाब बेसुमार वाढतो आणि ब्रेक निकामी होण्याचा धोका असतो. उपकेंद्रांतील पाऱ्याच्या बाष्पाचे रेक्टिफायर वीज एकाच दिशेने जाऊ देत, म्हणून ती वीज मागे राष्ट्रीय जाळ्यात ढकलता येत नसे. यासाठी काही उपकेंद्रांत जादा वीज जिरवणारे मोठे रोधक बसवले होते. साऱ्या मार्गाची वीजव्यवस्था पेनिस्टोन येथील नियंत्रण कक्षातून पाहिली जाई. एखाद्या रहाटाची भरली घागर उतरताना रिकामी वर चढावी, तसा हा चढत्या-उतरत्या गाड्यांचा हिशेब होता.

उद्घाटन आणि उमेदीची वर्षे

वॉथ ते डनफर्ड ब्रिज या भागात विद्युत मालगाड्या फेब्रुवारी १९५२ मध्ये धावू लागल्या. जुने दोन्ही बोगदे खचत चालले होते व त्यांत तार बसवणे सोयीचे नव्हते, म्हणून १९४९ पासून तिसरा, दुहेरी मार्गाचा बोगदा खणला गेला. ३ मैल ६६ यार्ड (सुमारे ४.९ किमी) लांबीच्या या बोगद्याचे उद्घाटन ३ जून १९५४ रोजी वाहतूकमंत्री ॲलन लेनॉक्स-बॉइड यांच्या हस्ते झाले. उद्घाटनाची गाडी २६०२० क्रमांकाच्या इंजिनाने ओढली. हेच इंजिन १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' प्रदर्शनात मांडले गेले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मँचेस्टर ते शेफील्ड व्हिक्टोरिया ही पूर्ण प्रवासी सेवा सुरू झाली. इंजिनांच्या देखभालीसाठी रेडिश येथे नवे शेड उभारले होते.

ईएम२ ची सात इंजिने १९५३-५४ मध्ये गॉर्टनलाच बांधली गेली. सहा मोटारींची सुमारे २,५०० अश्वशक्ती आणि ताशी ९० मैलांचा (१४५ किमी) वेग, ही क्षमता शेफील्डपर्यंतच्या चढउताराच्या मार्गाला गरजेपेक्षा जास्तच होती. मूळ योजना २७ इंजिनांची होती. तार पुढे दक्षिणेकडे वाढेल, या अपेक्षेशिवाय अशा इंजिनांचा अर्थ लागत नाही. ती कधी वाढली नाही.

नावे ठेवण्यात मात्र हात आखडता घेतला नव्हता. ईएम२ ला इलेक्ट्रा, एरियाडनी, ऑरोरा, डायना, जुनो, मिनर्व्हा व पँडोरा अशी ग्रीक-रोमन स्त्रीपात्रांची नावे मिळाली. प्रवासी गाड्या ओढण्यासाठी डबे तापवण्याचे बाष्पक बसवलेल्या १२ ईएम१ इंजिनांना हेक्टर, जेसन, नेस्टर, पर्सियस, प्रोमिथियस, ट्रायटन, युलिसीस अशी पुराणपुरुषांची नावे दिली. त्या मालिकेत आर्किमिडीज हा गणिती कसा शिरला, हे एक कोडेच आहे. होमरच्या काव्यातील गडगडाटी आवाजाचा स्टेंटर इंजिनाला शोभला खरा, पण ही इंजिने त्यांच्याआधीच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी शांत होती.

१९५६ चा निर्णय

नव्या बोगद्यातून गाड्या धावू लागून दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १९५६ मध्ये ब्रिटिश रेल्वेने पुढील सर्व मुख्य विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) हे प्रमाण स्वीकारले. फ्रान्समध्ये औद्योगिक वारंवारतेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे प्रयोग यशस्वी झाले होते. उच्च दाबामुळे तार बारीक व हलकी चालते, उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात आणि एकूण खर्च कमी होतो. तांत्रिक दृष्टीने निर्णय योग्यच होता. त्याचा परिणाम असा झाला की नवा कोरा वुडहेड मार्ग एका रात्रीत बेट बनला. त्याच्या कोणत्याही टोकाला जोडून पुढे जाणारी, त्याच प्रवाहाची तार यापुढे बांधली जाणार नव्हती.

लंडनमधील लिव्हरपूल स्ट्रीट ते शेनफील्ड हा १९४९ मध्ये १,५०० व्होल्टवर आलेला उपनगरी मार्ग १९६० मध्ये प्रत्यावर्ती प्रवाहावर बदलण्यात आला. इलफर्डला कामाला लागलेले रेव्हन यांचे इंजिन त्यामुळे पुन्हा निरुपयोगी झाले व १९६४ मध्ये मोडले गेले. वुडहेडचे तसे रूपांतर झाले नाही. ६५ इंजिने, उपकेंद्रे व तारा एवढी अलीकडची गुंतवणूक मोडीत काढायला कोणी तयार नव्हते. १९६५ मध्ये तर शेफील्डच्या नव्या टिन्सली यार्डापर्यंत १,५०० व्होल्टची तार वाढवण्यात आली. मार्ग टिकवायचा की नाही, याबद्दल रेल्वेचे मन दोन दिशांनी ओढले जात होते असे या विस्तारावरून दिसते.

प्रवासी सेवेची अखेर आणि वर्ग ७७ चे स्थलांतर

मँचेस्टर व शेफील्ड यांच्यामध्ये होप व्हॅलीतून जाणारा दुसरा मार्गही होता. १९६३ च्या बीचिंग अहवालाने होप व्हॅलीची सेवा बंद करून वुडहेड टिकवण्याची शिफारस केली होती. पण होप व्हॅलीतील गावांना रस्त्याची सोय अपुरी होती, आणि दशकाच्या उत्तरार्धात निर्णय उलटा झाला. वुडहेडवरील प्रवासी गाड्या जानेवारी १९७० मध्ये थांबल्या व शेफील्ड व्हिक्टोरिया स्थानकही बंद झाले.

त्याआधीच, १९६८ मध्ये, वर्ग ७७ निवृत्त झाला होता. वय अवघे चौदा-पंधरा वर्षे. १९६९ मध्ये सातही इंजिने डच रेल्वेने विकत घेतली. मिनर्व्हाचे भाग इतरांसाठी वापरले गेले आणि बाकी सहा १५०१ ते १५०६ या क्रमांकांनी पिवळ्या-राखाडी रंगात, प्रामुख्याने द हेग ते व्हेनलो या मार्गावर धावू लागली. तेथे ती १९८६ पर्यंत टिकली. म्हणजे स्वदेशापेक्षा परदेशातील सेवाच अधिक काळ घडली. वर्ग ७६ च्या मालवाहू बांधणीला असा ग्राहक मिळाला नाही.

वर्ग ७६ ची शेवटची वर्षे

१९७० च्या दशकात वुडहेड हा केवळ मालाचा मार्ग उरला. यॉर्कशायरच्या खाणींतून वॉरिंग्टनजवळच्या फिडलर्स फेरी वीजकेंद्राकडे कोळशाच्या अखंड गाड्या जात. रिकामे न थांबता चक्राकार फिरणारे हे हॉपर डबे होते. या गाड्यांसाठी अनेक इंजिनांत हवेचे ब्रेक आणि दोन इंजिने एकाच चालकाने चालवण्याची सोय करण्यात आली. वर्सबरोच्या चढावर पुढे दोन व मागे दोन अशी चार इंजिने एका गाडीला लागत. मात्र मँचेस्टरजवळ गॉडली जंक्शनला गाडी थांबवावी लागे. विद्युत इंजिने सोडायची, डिझेल इंजिने जोडायची आणि मग उरलेला प्रवास. वीजकेंद्राकडे कोळसा नेणारी विजेची गाडी वीजकेंद्रापर्यंत विजेवर पोहोचू शकत नव्हती.

या अदलाबदलीत वेळ, माणसे व इंजिने सारेच जास्त लागे. त्यातच एकूण मालवाहतूक घटत गेली, उपकेंद्रांची सामग्री जुनी झाली आणि तिचे सुटे भाग मिळेनासे झाले. मार्ग बंद करण्याच्या प्रस्तावाला कामगार संघटनांनी व स्थानिक लोकांनी विरोध केला. तरीही जुलै १९८१ मध्ये शेवटची गाडी गेली. पेनाइनमधील सत्तावीस वर्षांपूर्वीचा बोगदा, कोणताही मोठा बिघाड नसताना, रेल्वेपुरता निकामी झाला. उरलेली वर्ग ७६ ची इंजिने पुढील काही काळात भंगारात निघाली.

मँचेस्टर ते ग्लॉसॉप व हॅडफील्ड एवढाच उपनगरी तुकडा डिसेंबर १९८४ पर्यंत १,५०० व्होल्टवर चालला व नंतर २५,००० व्होल्टवर बदलला. तो आजही सुरू आहे.

प्रमाण प्रवाहावरील इंजिनांशी तुलना

१९५६ नंतरच्या प्रमाणावर बांधलेल्या ब्रिटिश इंजिनांचे नशीब वेगळे होते. १९६५-६६ मध्ये बांधलेली वर्ग ८६ ची शंभर आणि १९७३ ते १९७५ मधील वर्ग ८७ ची ३६ इंजिने लंडन-ग्लासगो या पश्चिम किनारी मुख्य मार्गावर अनेक दशके धावली. तेथील काम संपल्यावर त्यांतील अनेक हंगेरी व बल्गेरिया येथे गेली, कारण तेथेही तोच २५,००० व्होल्टचा प्रवाह होता.

मुंबईच्या मार्गांशी संबंध

मेट्रोपॉलिटन-विकर्स कंपनीचा वुडहेडआधीचा एक मोठा अनुभव भारतातील होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही भारतातील पहिली विद्युत गाडी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर सुरू केली. १९३० पर्यंत तार बोरघाट चढून पुण्याला आणि थळघाट चढून इगतपुरीला पोहोचली. घाटांतील मालगाड्यांसाठीची 'क्रोकोडाइल' बांधणीची इंजिने, ज्यांना आपल्याकडे 'खेकडा' असेही म्हणत, आणि डेक्कन क्वीनची सुरुवातीची इंजिने यांची विद्युत सामग्री याच कंपनीची होती.

भारतीय रेल्वेनेही १९५७ मध्ये २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला. त्यामुळे मुंबईचे जाळेही वुडहेडसारखे वेगळे पडले. परंतु त्यावरची उपनगरी वाहतूक एवढी प्रचंड होती की ते बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. कित्येक वर्षे इगतपुरी व पुणे येथे इंजिने बदलली जात. पुढे दोन्ही प्रवाहांवर चालणारी 'डब्ल्यूसीएएम' मालिकेतील इंजिने भारतातच बांधली गेली आणि ती वेळखाऊ अदलाबदल कमी झाली. मध्य रेल्वेच्या मुंबईतील हार्बर मार्गावरचा एकदिश प्रवाह अखेर एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला.

जतन

वर्ग ७६ पैकी एकच इंजिन पूर्ण स्वरूपात शिल्लक आहे. ते म्हणजे उद्घाटनाची गाडी ओढणारे २६०२०. ते ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहात आहे. 'हेक्टर'ची फक्त चालक-केबिन मँचेस्टरमध्ये जपली गेली. वर्ग ७७ पैकी इलेक्ट्रा डर्बीशायरमधील बटर्ली येथे, एरियाडनी मँचेस्टरच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयाच्या ताब्यात, तर डायना नेदरलँड्समध्येच आहे.

रुळांची जागा आता लाँगडेंडेल ट्रेल या पायवाटेने घेतली आहे. व्हिक्टोरियाकालीन बोगद्यांतून १९६० च्या दशकात राष्ट्रीय वीजजाळ्याच्या ४,००,००० व्होल्टच्या केबली टाकल्या होत्या. त्या जुन्या झाल्यावर त्यांची जागा घेणाऱ्या नव्या केबली १९५४ च्या बोगद्यातून नेण्यात आल्या.